मैत्रीपूर्ण लढती आणि अनुत्तरित प्रश्न : भारतीय फुटबॉलच्या संघबांधणीचा ताळेबंद

नवी दिल्ली : आशिया करंडक २०२७ च्या पात्रता स्पर्धेतील तिसऱ्या फेरीचे गट ९ डिसेंबर २०२४ रोजी निश्चित झाले, तेव्हा 'क' गटात अग्रमानांकन भारताला मिळाले होते. त्या वेळी जागतिक क्रमवारीत भारत १२७व्या, हाँगकाँग १५६व्या, सिंगापूर १६१व्या, तर बांगलादेश १८५व्या स्थानी होता. गटातील केवळ एक संघ सौदी अरेबियातील मुख्य स्पर्धेसाठी पात्र ठरणार होता आणि तो भारत असेल, असे मानण्यास आकडे तरी अनुकूल होते. प्रत्यक्षात पहिल्या पाच सामन्यांत भारताला एकही विजय मिळाला नाही आणि खात्यात अवघे दोन गुण जमा झाले. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मडगावच्या फातोर्डा मैदानावर सिंगापूरकडून १-२ असा पराभव झाला आणि भारताचे आव्हान संपुष्टात आले. १८ नोव्हेंबरला ढाका येथे बांगलादेशने २२ वर्षांनंतर भारतावर विजय मिळवला. त्यानंतर जाहीर झालेल्या क्रमवारीत भारत १४२व्या स्थानी घसरला. जुलै २०२३ मध्ये हाच संघ ९९व्या स्थानी होता.

या अपयशाची कारणे सांगताना प्रशिक्षक, महासंघ आणि लीगचे रखडलेले वेळापत्रक यांवर बोट ठेवले जाते आणि ते निराधार नाही. मात्र एका प्रश्नाची चर्चा त्या मानाने कमी झाली आहे. पात्रता सामन्यांपूर्वी जे मैत्रीपूर्ण सामने खेळले गेले, त्यांतून निवडकर्त्यांच्या हाती नेमके काय लागले? पात्रता सामना हा संघ शोधण्याचा प्रसंग नसतो. तो शोध आधी पूर्ण व्हावा लागतो आणि त्यासाठी राष्ट्रीय प्रशिक्षकाजवळ मैत्रीपूर्ण सामन्यांव्यतिरिक्त दुसरे साधन जवळपास नसते. क्लबचा प्रशिक्षक आपल्या खेळाडूंना रोज पाहतो. राष्ट्रीय प्रशिक्षकाला ते वर्षातून मोजके दिवस भेटतात.

स्पेनचे मानोलो मार्केझ यांच्या कारकिर्दीचा हिशेब या दृष्टीने बोलका आहे. जुलै २०२४ मध्ये त्यांची नियुक्ती झाली आणि पहिल्या हंगामात त्यांनी एफसी गोवा संघाचे प्रशिक्षकपदही सांभाळले. त्यांच्या कार्यकाळात भारत आठ सामने खेळला. त्यांपैकी सहा तयारीचे होते आणि दोन पात्रता स्पर्धेतील. हैदराबादमधील इंटरकॉन्टिनेंटल करंडकात मॉरिशसशी गोलशून्य बरोबरी आणि सीरियाकडून ०-३ पराभव, त्यानंतर व्हिएतनाम व मलेशियाशी प्रत्येकी १-१ बरोबरी, मालदीववर ३-० विजय आणि थायलंडकडून ०-२ पराभव, असे तयारीच्या सामन्यांचे निकाल आहेत. पात्रता सामन्यांत बांगलादेशशी गोलशून्य बरोबरी झाली, तर हाँगकाँगने भरपाई वेळेतील पेनल्टीवर भारताला नमवले. एकूण एक विजय, चार बरोबरी, तीन पराभव.

निकालांपेक्षाही गोल कोणी केले हे पाहणे अधिक उद्बोधक ठरते. या आठ सामन्यांत भारताने पाच गोल केले. त्यांपैकी दोन मुंबईकर बचावपटू राहुल भेके याचे होते. एक गोल गोव्याच्या लिस्टन कुलासोने केला, एक फारुख चौधरीने आणि एक सुनील छेत्रीने. छेत्री तेव्हा ४० वर्षांचा होता आणि ६ जून २०२४ रोजी कोलकात्यात कुवेतविरुद्ध खेळून तो आंतरराष्ट्रीय फुटबॉलमधून निवृत्तही झाला होता. मालदीवविरुद्धचे तीन गोल वगळले, तर उरलेल्या सात सामन्यांत भारताचे केवळ दोन गोल भरतात. छेत्रीनंतर गोल कोण करणार, हा त्या काळातील संघबांधणीचा मूळ प्रश्न होता. सहा तयारीच्या सामन्यांनंतरही तो जिथल्या तिथे राहिला.

मार्च २०२५ मध्ये शिलाँगला जे घडले, त्यातून या अडचणीचे स्वरूप स्पष्ट होते. २५ मार्चला बांगलादेशविरुद्ध पात्रता स्पर्धेची सुरुवात होणार होती. तत्पूर्वी १९ मार्चला मालदीवविरुद्ध मैत्रीपूर्ण सामना ठरला आणि छेत्रीला निवृत्तीतून परत बोलावण्यात आले. इंडियन सुपर लीगच्या त्या हंगामात भारतीय खेळाडूंमध्ये सर्वाधिक गोल त्याचेच होते, त्यामुळे निवडीला गुणवत्तेचा आधार होता. भारताने सामना जिंकला, छेत्रीने आपला ९५वा आंतरराष्ट्रीय गोल केला आणि नोव्हेंबर २०२३ पासूनची विजयाची प्रतीक्षा संपली. समाधान मिळाले, पण ज्ञान किती मिळाले? बचावात माघार घेणाऱ्या दुबळ्या संघाविरुद्ध उंच चेंडूंवर गोल होऊ शकतात, एवढे त्यातून कळले. चेंडूसाठी सतत दबाव टाकणाऱ्या आणि धावण्यात मागे न हटणाऱ्या संघासमोर आपली मधली फळी काय करते, हे कळले नाही. सहा दिवसांनी बांगलादेशने तोच प्रश्न विचारला आणि भारताला एकही गोल करता आला नाही.

दुबळ्या संघांशी खेळू नये, असा याचा अर्थ नाही. अशा सामन्यांची बाजूही समजून घ्यायला हवी. मार्च २०१५ मध्ये भारत क्रमवारीत १७३व्या स्थानी होता. स्टीफन कॉन्स्टंटाइन यांच्या काळात तो जुलै २०१७ मध्ये ९६व्या स्थानी पोहोचला आणि या चढणीत सप्टेंबर २०१६ मधील मुंबईच्या अंधेरी क्रीडा संकुलातील पोर्तो रिकोवरचा ४-१ विजय मोलाचा ठरला. क्रमवारी सुधारली की मानांकन सुधारते आणि मानांकनामुळे गट सोपा मिळू शकतो. परंतु ऑगस्ट २०१८ पासून फिफाची गुणपद्धती बदलली आहे. नव्या सूत्रात फिफाने राखून ठेवलेल्या कालावधीत, म्हणजे फिफा विंडोमध्ये, खेळलेल्या मैत्रीपूर्ण सामन्याचे वजन १० आणि त्याबाहेरील सामन्याचे ५ आहे. पात्रता सामन्याचे वजन मात्र २५ आहे. १०० गुणांनी मागे असलेल्या संघाला विंडोमधील मैत्रीपूर्ण सामन्यात हरवले, तर सुमारे चार गुण मिळतात. २०० गुणांनी मागे असलेल्या संघाकडून पात्रता सामन्यात हार पत्करली, तर सुमारे सतरा गुण जातात. चार सोप्या विजयांची कमाई एका रात्रीत बुडते. क्रमवारीसाठी सोपे प्रतिस्पर्धी शोधण्याचा हिशेब आता तोट्याचा झाला आहे.

वेगळ्या पद्धतीने केलेल्या तयारीचे उदाहरणही आपल्याच अलीकडच्या इतिहासात आहे. आशिया करंडक २०१९ पूर्वी, १३ ऑक्टोबर २०१८ रोजी भारत सुझोऊ येथे चीनशी खेळला आणि संदेश झिंगनच्या नेतृत्वाखाली सामना गोलशून्य राखला. नोव्हेंबरमध्ये जॉर्डनकडून अम्मानला १-२ असा पराभव झाला. २७ डिसेंबरला अबूधाबीत ओमानशी पुन्हा गोलशून्य बरोबरी झाली. तीन सामन्यांत विजय एकही नाही. तरीही आपल्यापेक्षा बलवान संघासमोर ही बचावफळी किती वेळ टिकते आणि चेंडू हिरावल्यावर प्रतिहल्ला कोण करतो, याची माहिती प्रशिक्षकांजवळ जमा झाली होती. ६ जानेवारी २०१९ रोजी भारताने थायलंडला ४-१ असे नमवले. पुढे यजमान संयुक्त अरब अमिराती आणि बहरीनकडून हार पत्करून संघ गटातच बाद झाला, पण बहरीनविरुद्धचा निर्णायक गोल भरपाई वेळेतील पेनल्टीवर झाला होता. पाच वर्षांनी कतारमधील स्पर्धेत ऑस्ट्रेलिया, उझबेकिस्तान आणि सीरिया यांच्याविरुद्ध भारत एकही गोल करू शकला नाही. त्या स्पर्धेतील पहिला सामना १३ जानेवारी २०२४ रोजी होता आणि देशांतर्गत लीग डिसेंबरअखेरपर्यंत चालूच होती.

येथे दुसरा मुद्दा येतो, तो उपलब्ध दिवसांचा. फिफा विंडोमध्ये साधारणपणे दोन सामने खेळता येतात आणि त्या काळात खेळाडू सोडणे क्लबना बंधनकारक असते. २०२४ च्या सप्टेंबर, ऑक्टोबर आणि नोव्हेंबर या तीन विंडो मिळून सहा सामने शक्य होते. भारत चारच खेळला. ऑक्टोबरमधील तिरंगी स्पर्धेतून लेबनॉनने माघार घेतल्याने केवळ व्हिएतनामचा सामना उरला, तर नोव्हेंबरमध्ये मलेशियाविरुद्ध एकच सामना झाला. नव्या प्रशिक्षकाच्या पहिल्या तीन महिन्यांत दोन सामन्यांची संधी वाया जाणे ही किरकोळ बाब नव्हे. ज्या तरुण आघाडीपटूला त्या १८० मिनिटांत आजमावता आले असते, त्याची परीक्षा मग पात्रता सामन्यात घ्यावी लागते किंवा घेतलीच जात नाही.

विंडोबाहेर खेळायचे म्हटले, तर क्लबचा प्रश्न उभा राहतो. ऑगस्ट २०२५ मध्ये खालिद जमील यांच्याकडे संघाची सूत्रे आली. २०११-१२ मधील सावियो मदेरा यांच्यानंतर पूर्णवेळ जबाबदारी मिळालेले ते पहिले भारतीय प्रशिक्षक. त्यांची पहिली मोहीम असलेला काफा नेशन्स करंडक २९ ऑगस्टला सुरू झाला, तर विंडो १ सप्टेंबरला उघडणार होती. या फरकावर बोट ठेवून मोहन बागानने आपले खेळाडू सोडले नाहीत. नियमाच्या चौकटीत क्लबची भूमिका चुकीची नव्हती. जमील यांनी उपलब्ध खेळाडूंसह ताजिकिस्तानला २-१ असे हरवले आणि ओमानविरुद्ध पेनल्टी शूटआउटमध्ये विजय मिळवून तिसरे स्थान पटकावले. ही उत्साहवर्धक कामगिरी होती. मात्र ताजिकिस्तानविरुद्धचे दोन्ही गोल अन्वर अली आणि संदेश झिंगन या बचावपटूंनी केले होते. सप्टेंबरमध्ये स्थिर होऊ लागलेल्या संघाची रचना ऑक्टोबरमध्ये पुन्हा बदलली. मोहन बागानचे खेळाडू परतले आणि काफा करंडकासाठी वगळलेल्या छेत्रीचीही सिंगापूरविरुद्ध निवड झाली. म्हणजे जो संघ आजमावला गेला, तो निर्णायक सामन्यात उतरलाच नाही.

आघाडीपटूंच्या या टंचाईचे मूळ लीगमध्ये आहे, हे नाकारता येत नाही. सुपर लीगमध्ये मैदानावर एका वेळी चार परदेशी खेळाडू उतरवण्याची मुभा राहिली आणि बहुतेक क्लबनी त्यांतील एक जागा मध्यवर्ती आघाडीपटूसाठी वापरली. भारतीय खेळाडूंना बगलेवर स्थान मिळते. गोलसमोरची जागा क्वचितच मिळते. त्यात जुलै २०२५ मध्ये लीगचा नवा हंगामच लांबणीवर पडला आणि सामन्यांच्या सरावाविना खेळाडू शिबिरात दाखल होऊ लागले. या स्थितीत महासंघाची नजर परदेशस्थ भारतीय वंशाच्या खेळाडूंकडे वळणे स्वाभाविक आहे. देशात दुहेरी नागरिकत्वाची तरतूद नसल्याने अशा खेळाडूला भारतीय पारपत्र स्वीकारावे लागते. पूर्वी पुणे एफसीकडून खेळलेल्या इझुमी अराता याने जपानचे नागरिकत्व सोडून तो मार्ग पत्करला होता. बेंगळुरू एफसीचा रायन विल्यम्स याने २०२५ मध्ये ऑस्ट्रेलियाचे नागरिकत्व सोडून तसेच केले. २०१९ मध्ये तो ऑस्ट्रेलियाकडून दक्षिण कोरियाविरुद्ध मैत्रीपूर्ण सामना खेळला होता. परंतु केवळ मैत्रीपूर्ण सामना खेळल्याने खेळाडू त्या देशाशी कायमचा बांधला जात नाही, म्हणून भारताकडून खेळण्याचा मार्ग त्याच्यासाठी खुला राहिला. आवश्यक मंजुरी वेळेत न पोहोचल्याने ढाक्यात मात्र त्याला बाहेर बसावे लागले. एखाद-दुसरा अनुभवी खेळाडू असा मिळू शकेल. पण संपूर्ण फळी या मार्गाने उभी राहणार नाही.

अधिक आशादायक चित्र २३ वर्षांखालील संघात दिसले. नौशाद मूसा यांच्या मार्गदर्शनाखालील हा संघ सप्टेंबर २०२५ मधील आशियाई पात्रता स्पर्धेपूर्वी ताजिकिस्तान, किर्गिझस्तान आणि इराक यांच्याविरुद्ध मैत्रीपूर्ण सामने खेळला होता. स्पर्धेत त्याने बहरीनला २-० आणि ब्रुनेईला ६-० असे हरवले, तर यजमान कतारकडून १-२ अशी हार पत्करली. पात्रता हुकली, पण आधी कठीण प्रतिस्पर्धी निवडल्याने संघ स्पर्धेत बिचकला नाही, हे स्पष्ट झाले. या संघातील खेळाडूंना वरिष्ठ संघात केव्हा आणि कोणत्या सामन्यांतून आणायचे, हा आता खरा निर्णय आहे.

तो घेण्यासाठी वेळापत्रकही काहीसे अनुकूल होत आहे. २०२६ पासून फिफाने सप्टेंबर आणि ऑक्टोबरच्या विंडो एकत्र करून चार सामन्यांचा सलग कालावधी निश्चित केला आहे. एवढा सलग सहवास आजवर राष्ट्रीय प्रशिक्षकाला लीगच्या काळात मिळत नव्हता. त्याचा उपयोग करायचा तर प्रतिस्पर्धी काही महिने आधी ठरले पाहिजेत आणि ते आपल्या उणिवांनुसार निवडले पाहिजेत. मधल्या फळीची कसोटी पाहायची असेल, तर दबाव टाकणारा संघ हवा. बचावाची पाहायची असेल, तर बलवान संघ आणि तोही त्याच्या मैदानावर. गोलरक्षक आणि बचावफळीचा गाभा कायम ठेवून आघाडीच्या दोन-तीन जागांवर तरुणांना सलग तीन-चार सामने दिले गेले, तरच त्यांच्याविषयी निष्कर्ष काढता येईल. दर सामन्यात नवी नावे आणून तो काढता येत नाही. लीगचे वेळापत्रक आखताना महासंघ आणि क्लब यांनी या तारखा एकत्र बसून मान्य करणे, ही त्याची पूर्वअट आहे.

अशा सामन्यांत पराभव होतील आणि क्रमवारीत आणखी काही स्थाने गमवावी लागतील. तेव्हा प्रशिक्षक बदलण्याची मागणी पुन्हा होईल. जून २०२४ ते ऑगस्ट २०२५ या चौदा महिन्यांत इगोर स्टिमॅक, मार्केझ आणि जमील असे तीन प्रशिक्षक भारताने पाहिले. तिघांनाही छेत्रीच्या वारसदाराचा शोध घ्यावा लागला आणि दर वेळी तो प्रारंभापासून सुरू झाला. आशिया करंडक २०३१ च्या पात्रता फेरीपर्यंत हातात असलेल्या वर्षांत हा शोध एकाच सूत्राने पुढे न्यायचा की नाही, हे महासंघाला आगामी मैत्रीपूर्ण सामन्यांचे करार करतानाच ठरवावे लागेल.