घंटा शाळेतच राहू द्या



आज थोडं खरमरीत लिहिणार आहे. राग मानू नका.

माझ्या सुनेने ७ वर्षांच्या नातवाला आणि ५ वर्षांच्या नातीला घरीच शिकवायचं ठरवलं. हॉलच्या भिंतीवर वेळापत्रक लागलं. सकाळी ८ ते दुपारी १, पावणेतासाचा एकेक विषय आणि मोबाइलवर घंटा. तिसऱ्या आठवड्यात नात वहीवर डोकं ठेवून रडत होती, सून स्वयंपाकघरात. आणि मी? "मी आधीच सांगितलं होतं" म्हणत बसले होते. ते माझं चुकलंच.

चूक घरी शिकवण्यात नव्हती, घरात शाळा थाटण्यात होती.

आपलं सामायिक ४८ मिनिटांचं. तेवढा वेळ स्थिर बसताना आपलंही मन कुठे कुठे धावतं, खरं सांगा. मग ५ वर्षांच्या मुलीने तशा सहा बैठका लागोपाठ का माराव्यात?

मी बी.कॉम., हिशेब मांडल्याशिवाय राहवत नाही. वर्गात ४० मुलं, तास ३५ मिनिटांचा. हजेरी, गडबड सोडली तरी एका मुलाच्या वाट्याला बाईंचं पुरतं एक मिनिटही येत नाही. घरी आईजवळ २० मिनिटं बसलेल्या मुलाला किती मिळालं, तुम्हीच बघा. दीड तास पुष्कळ होतो.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीत बालवाडीचं काम सुरू केलं. मुलं शाळेत येईनात, तेव्हा त्या शाळाच मुलांच्या अंगणात घेऊन गेल्या. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली. त्यांनी मुलांच्या दिवसाप्रमाणे शाळा बदलली. आपण घर हाताशी असून मुलांना घंटेला बांधतो!

आता आमच्याकडे वेळापत्रक नाही, तीन खुंट्या आहेत. बाकीचा दिवस त्यांना टांगलेला.

पहिली, सकाळी आजोबांबरोबर जुहूचा किनारा. नातू कॅलेंडरवर पाणी जवळ की लांब ते लिहितो. भरती रोज सुमारे ५० मिनिटं उशिरा येते, अमावास्या-पौर्णिमेच्या सकाळी पाणी लांब गेलेलं असतं आणि अष्टमीच्या आसपास जवळ, हे त्याचं त्याने शोधलं. अष्टमी-चतुर्दशी आपण व्रतासाठी पाळतो. त्याने त्यात समुद्र पाहिला.

दुसरी, ९ ते साडेदहा वाचन, लेखन, गणित. कंटाळा आला की उठायचं.

तिसरी, सूर्यास्तापूर्वीचं जेवण. सूर्यास्त कॅलेंडरमध्ये बघून कुकर किती वाजता लावायचा, हे नातू सांगतो. वजाबाकी आणखी कशाला म्हणतात? नात वाट्या मोजून मांडते.

"मुलं एकलकोंडी होतील" म्हणणाऱ्यांनी संध्याकाळी आमच्या इमारतीखाली येऊन आरडाओरडा ऐकावा. रविवारी पाठशाळा आहेच. परीक्षेचं म्हणाल, तर वयाची १४ वर्षं पूर्ण झाली की राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून दहावीला बसता येतं.

आता सासवांना सांगते, त्यात मीही आले. सून घरी शिकवते म्हणजे ती रिकामी नसते. त्या दीड तासात तिला हाक मारायची नाही. दूधवाला, कुरिअर, पाहुणा, मंदिरातला निरोप, सगळं मी बघते. मुलगा रविवारी पुढच्या आठवड्याची पुस्तकं काढून ठेवतो. पहिल्या महिन्यात हे कुणीच केलं नव्हतं. एकटी सून शिकवत होती, रांधत होती, वर आमची बोलणी खात होती.

म्हणून स्पष्ट सांगते. घरातली बाकीची माणसं हात लावणार नसतील, तर मुलांना खुशाल शाळेत घाला, त्यात कमीपणा नाही. पण एका बाईच्या जिवावर घरात शाळा काढू नका. आपण मुंगीलाही जपून पाऊल टाकतो. घरातल्या सुनेला जपायला वेगळं व्रत लागतं का?