डब्यातला पाऊस



आज खते, बियाणे, औषधे हे सगळे बाजूला ठेवतो आणि शाळेविषयी लिहितो. तुमच्यापैकी काही जण म्हणतील, शाळेचे ते मास्तर बघतील, आम्हाला कशाला सांगता? पण एका शाळेतल्या आठवीच्या मुलीचे मी वेळेवर ऐकले असते, तर निम्म्या गावाची दुबार पेरणी टळली असती. चूक माझी होती, तेव्हा ती मीच सांगितलेली बरी.

२०१५ सालच्या जूनमधली गोष्ट. आमच्या तालुक्याच्या कोरड्या पट्ट्यातले एक गाव. तिथल्या माध्यमिक शाळेतल्या विज्ञानाच्या सरांनी मुलांकडून पाऊस मोजून घ्यायला सुरुवात केली होती. यंत्र कसले, तर मैदानाच्या मोकळ्या कोपऱ्यात तीन विटांमध्ये घट्ट बसवलेला, सरळ कडांचा एक पत्र्याचा डबा. रोज सकाळी साडेआठला एकाने जायचे, मोजपट्टी उभी बुडवायची, आकडा वहीत लिहायचा आणि डबा उपडा करून परत जागेवर ठेवायचा. एवढाच त्यांचा शेतीचा तास.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस आला. मंडळाच्या ठिकाणी, म्हणजे गावापासून अकरा किलोमीटरवर, ८१ मिलिमीटरची नोंद झाली. पेरणीपूर्वी ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊ द्या, हे आम्ही दरवर्षी सांगतोच. मी चावडीवर बसून सांगितले, ओल पुरेशी आहे, वापसा आला की सोयाबीन पेरून घ्या. तेवढ्यात मागे उभी असलेली एक मुलगी म्हणाली, "साहेब, आमच्या डब्यात चार दिवसांचे मिळून चौतीसच भरले."

मी काय म्हणालो ते आजही आठवते. "अगं बाळ, तो डबा आहे. खरे धरायचे ते सरकारी मापकाचे." माणसे हसली. पोर गप्प झाली. तिच्या सरांनी सांगायचा प्रयत्न केला की मुलांनी तीन रानांत सळई खुपसून पाहिली, चार बोटांच्या खाली माती कोरडीच लागते. पण मला अजून दोन गावे करायची होती. मी उठलो.

लोकांनी माझ्या शब्दावर पेरले. बी उगवले, दोन पाने वर आली आणि पाऊस गेला तो तीन आठवडे फिरकला नाही. वरच्या थरात ओल होती तोवर कोंब तरारले. मुळी खाली उतरली तर तिथे कोरडे ढेकूळ. ज्यांनी पेरले त्यांच्यातल्या बहुतेकांची रोपे करपली. सोयाबीनला एकरी ३० किलो बियाणे लागते. ती पिशवी पुन्हा आणायची, तीही उधारीवर. मी त्या मुलीच्या घरी गेलो. तिच्याच घरी दुबार पेरणी झाली होती, कारण साहेबांचे ऐकायचे की पोरीचे, असा प्रश्नच त्या घरात कोणाला पडला नव्हता. तिची आई चुलीपुढून उठली नाही. आजोबा ओट्यावर बसले होते. म्हणाले, "साहेब, तुमचा पाऊस तिकडं पडला, बी मात्र आम्ही इकडं पेरलं."

आता यात मंडळाचा मापक खोटा नव्हता आणि डबाही खोटा नव्हता. सुरुवातीचा मॉन्सूनचा पाऊस ढगाढगाने पडतो. ओढ्याच्या अलीकडे चिखल आणि पलीकडे धूळ, हे तुम्ही दरसाल बघता. मंडळाचा आकडा मंडळाच्या ठिकाणचा असतो, तुमच्या शिवारातला नव्हे. हे कॉलेजात शिकून मला कळले होते. एका डब्यापुढे ते विसरलो, कारण डबा पोरांचा होता.

असा डबा तुमच्या गावच्या शाळेतही ठेवता येतो, म्हणून दोन गोष्टी सांगतो. डब्याच्या कडा वरपासून खालपर्यंत सरळ हव्यात. तसे असले की तोंड लहान असो वा मोठे, मोजपट्टीवर आलेले मिलिमीटर हाच पाऊस, वेगळा हिशेब लागत नाही. पाण्याच्या प्लॅस्टिक बाटलीचे तोंड कापून करतात तेव्हा बूड खोलगट असते. तिथे खडे टाकून बूड झाकेपर्यंत पाणी भरायचे आणि त्या रेषेला शून्य धरायचे. झाड किंवा भिंत जितकी उंच, तिच्या निदान दुप्पट अंतरावर डबा ठेवायचा. लिंबाखाली ठेवलेल्या डब्यात पाऊस कमी आणि लिंबोळ्या जास्त जमतात.

मिलिमीटर म्हणजे नक्की किती, हे पोरांना गणिताच्या तासाला सांगता येते. एक मिलिमीटर पाऊस एका एकरावर पडला तर सुमारे चार हजार लिटर पाणी झाले. चौतीस मिलिमीटर म्हणजे एकरी १ लाख ३६ हजार लिटर. ऐकायला केवढे वाटते! पण उन्हाळाभर भेगाळलेली काळी जमीन ते वरच्या वितीतच शोषून बसते. सळई तेच सांगत होती.

याच शाळेने पुढे विहिरींचे काम घेतले. राज्याची भूजल सर्वेक्षण यंत्रणा १९७२ साली, दुष्काळाच्या दिवसांत उभी राहिली. निरीक्षण विहिरींची पातळी ठरावीक महिन्यांना मोजणे हे तिचे एक मुख्य काम. मुलांनी तीच पद्धत उचलली. फुटाफुटावर गाठ मारलेला दोर, खाली एक वजन. विहिरीच्या काठावर रंगाने एक खूण, कारण रोज वेगळ्या ठिकाणाहून मोजले तर सगळी मेहनत वाया. सकाळी मोटार सुरू होण्यापूर्वी माप घ्यायचे. हे काम कठडा असलेल्या विहिरीवरच आणि सोबत मोठे माणूस असतानाच करायचे, हा नियम सरांनी पहिल्या दिवशी घालून दिला.

मग वर्गात हिशेब. वीस फूट व्यासाच्या विहिरीत एक फूट पाणी म्हणजे साधारण नऊ हजार लिटर. एक एकर रानाला दोन इंच पाण्याची एक पाळी द्यायची तर दोन लाख लिटर लागतात. म्हणजे एका पाळीला बावीस फूट विहीर! अर्थात विहिरीला झरे असतात, रात्रीत पाणी भरते. पण आपल्या काळ्या कातळात झऱ्यांना दम किती? दिवाळीत भरभरून चालणारा झरा होळीला थेंबाथेंबावर येतो. किती पाणी उपसले आणि सकाळपर्यंत किती परत आले, हे दोन आकडे आठवड्याला एकदा लिहिले तरी उन्हाळी कांद्याचा वाफा किती टाकायचा ते घरात बसून ठरवता येते. ठिबकाने पाणी वाचते हे मी वीस वर्षे ओरडून सांगत होतो. 'बावीस फूट' हा आकडा मुलांनी घरी नेला, तेव्हा कुठे काही घरांत त्यावर बोलणे सुरू झाले.

मातीचे शिक्षणही असेच. आपल्याकडे कोरडवाहू शेतीचे संशोधन जुने आहे. मांजरीला १९२३ साली सुरुवात झाली आणि सोलापूरचे केंद्र १९३३ सालचे. तिथे उतारावर वाफे आखून, खाली हौद बांधून, प्रत्येक पावसात किती पाणी आणि किती माती वाहून आली ते मोजत. त्यातून समजले की रब्बी ज्वारीसाठी पावसाळाभर उघडे ठेवलेले रान माती गमावते. बांधबंदिस्ती आणि उताराला आडवी मशागत यांचा आग्रह आम्ही धरतो तो याच मोजमापाच्या बळावर. शाळेला हौद नको. दोन पत्र्याच्या ट्रे घ्या, दोन्हीत तीच माती भरा, एकीवर पालापाचोळा पसरा, दोन्ही सारख्या तिरक्या ठेवून झारीने सारखेच पाणी घाला आणि खाली दोन काचेचे पेले धरा. एका पेल्यात नितळसर पाणी येईल, दुसऱ्यात चहा. सोलापूरचे संशोधन दहा मिनिटांत पोरांच्या डोळ्यांसमोर उभे राहते.

आणखी एक गमतीचा प्रयोग. स्वित्झर्लंडमध्ये २०२१ साली शास्त्रज्ञांनी सुमारे एक हजार लोकांना सुती चड्ड्या दिल्या आणि आपापल्या जमिनीत पुरायला सांगितल्या. हसू नका. माती जिवंत असेल तर तिच्यातले जीवजंतू सूत खाऊन टाकतात आणि शेवटी उरतो तो इलास्टिकचा पट्टा. आपण जुन्या धोतराचे दोन सारखे तुकडे घेऊ. एक शेणखत पडणाऱ्या परसातल्या वाफ्यात, दुसरा वर्षानुवर्षे नुसत्या पोत्यातल्या खतावर चाललेल्या रानात, एकाच दिवशी वीतभर खोल पुरू आणि दोन महिन्यांनी उकरू. एक काळजी मात्र घ्या, दोन्हीकडे ओल सारखी हवी. कोरड्या मातीत कोणत्याच रानात कापड कुजत नाही आणि मग चांगल्या मातीला उगाच दोष लागतो.

आमच्या लहानपणी 'कार्यानुभव' नावाचा तास होता. आमच्या शाळेत त्या तासाला आम्ही मुख्याध्यापकांच्या बागेला बादल्यांनी पाणी घालत असू. अनुभव भरपूर मिळाला, कार्य त्यांचे झाले! शेती शिकवणे म्हणजे पोरांना खुरपे देऊन राबवणे, असा समज अजून पुष्कळ ठिकाणी आहे. राबायला तुमची पोरे घरी शिकतातच. शाळेने त्यांना मोजायला, ताडून पाहायला आणि 'कशावरून?' असे विचारायला शिकवायचे.

हे होऊ शकते, याचे उदाहरण आपल्याच राज्यात आहे. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. स्वतः मोठ्या कंपनीत संशोधन केलेला माणूस, पण दुष्काळी गाव निवडून तिथे राहिला. तिथून निघालेल्या कार्यक्रमात आठवी ते दहावीची मुले आठवड्यातला एक दिवस हाताने काम करून शिकतात. त्यात शेती आणि पशुपालनही आले. हाताने केलेले डोक्यात राहते, हे कलबागांचे म्हणणे मला पटते. परिसराचे शिक्षण सर्व शाळांत असावे, असे सर्वोच्च न्यायालयानेही १९९१ साली सांगितले. २०२० साली नववीला 'जलसुरक्षा' नावाचे पुस्तक आले. पुस्तके आहेत, हुकूम आहेत. अडते ते डब्यापाशी, म्हणजे डबा ठेवायला आणि रोज वाचायला माणूस हवा तिथे.

आता तुमच्या घरापुरते. मुलगा किंवा मुलगी म्हणाली की शाळेसाठी रानाचा एक कोपरा हवा, तर बांधाकडेचा टाकाऊ तुकडा देऊ नका. चांगल्या रानातला दहा बाय दहा फुटांचा द्या, नाहीतर पहिल्याच वर्षी पोरगे म्हणेल की शास्त्राचे काही खरे नाही. वहिनी, ताई, घरातला एक सरळ कडांचा डबा तुमच्याच हातून जाणार आहे, तो नाही म्हणू नका. आणि दादा, औषध फवारणी, औषध कालवणे, रिकामे डबे धुणे यांतले काहीही 'शिकू दे त्याला' म्हणून मुलांकडे देऊ नका. औषधाचा रिकामा डबा पाऊस मोजायलाही वापरायचा नाही. त्यात शिकण्यासारखे काही नाही आणि धोका पुरेपूर आहे.

पोरांच्या आकड्यात चूक असू शकते. मग चूक शोधा. डबा कलला होता का, रात्री कोंबड्यांनी पाणी प्यायले का, पट्टीचा शून्य टोकाला होता का? त्या गावात पुढच्या वर्षी मी हेच केले. सकाळी साडेआठला शाळेत गेलो, मोजपट्टी स्वतः बुडवली आणि सरांच्या वहीत सही केली. मुलगी तेव्हा नववीत गेली होती. तिने माझा आकडा पाहिला, पट्टी मागून घेतली आणि पुन्हा एकदा मोजून बघितला. माझा दोन मिलिमीटर जास्त आला होता. मी वाकून बघितले नव्हते, उभ्यानेच वाचला होता.

त्या वर्षी मी चावडीवर बसलो तेव्हा आजोबा आधीच येऊन बसले होते. त्यांनी मंडळाचा पाऊस मला विचारला नाही. नातीला हाक मारून वही आणायला सांगितली.