नावेतून नदी

वर्धा आणि वैनगंगा चपराळ्याजवळ एकमेकींस मिळतात व तेथून प्राणहिता सुरू होते. डाव्या तीरावर गडचिरोलीची अरण्ये आणि उजव्या तीरावर तेलंगणाची भूमी ठेवून ती सुमारे 113 किलोमीटर दक्षिणेस वाहते व सिरोंच्याजवळ गोदावरीत मिसळते.

पूर्वी सिरोंच्याची कुटुंबे पलीकडे कालेश्वराच्या दर्शनास नावेतून जात. आजी, मुले, शिदोरीचे गाठोडे, सारे एकाच नावेत! पाण्याच्या रंगावरून नावाडी खोली ओळखी. वाळू कोठे सरकली ते मुलांना बोटाने दाखवी. 2016 साली पूल झाला. तो हवाच होता. आजारी माणसाने पूर ओसरण्याची वाट पाहत तीरावर पडून राहावे, हे कोणास रुचेल? परंतु मोटारीतून पूल ओलांडणाऱ्या मुलास नदी कितीशी दिसते? कठड्याआडून क्षणभर, तीही तो जागा असेल तर!

म्हणून हिवाळ्यात, पाणी शांत असताना, आईबापांनी मुलांना एकदा तरी जाणत्या नावाड्याबरोबर नावेतून न्यावे. प्रत्येकाच्या अंगात लाइफ जॅकेट मात्र हवेच. पुलावरून जे रान नुसती हिरवी रेघ भासते, त्यातील एकेक साग नावेतून वेगळा दिसू लागतो. आणि पुढचे पाणी उथळ की खोल, हे मुले नावाड्याच्या आधी सांगू पाहतात.