अवतरणचिन्ह एकदाच

लिहावं ‘वाशीम’ आणि वाचणाऱ्याला दिसावं &#2357;&#2366;&#2358;&#2368;&#2350;! जुन्या मराठी पानांवर अशी आकड्यांची रांग पुष्कळांनी पाहिली असेल. २३५७ हा युनिकोडमधला ‘व’. खरं तर असा आकडा दिसला की ब्राउझर त्याचं अक्षर करून दाखवतो. मग इथे का नाही?

जुनी पानं यूटीएफ-८ मध्ये नव्हती, म्हणून अक्षरं आकडे होऊनच साठली. पुढे साच्यातून पान तयार करणाऱ्या सॉफ्टवेअरने प्रत्येक & चं &#38; केलं. यात त्याचा दोष नाही. फळ्यावर ‘उठा’ हा आज्ञार्थ आहे असं लिहिलं, तर वर्ग उठून उभा राहत नाही. अवतरणचिन्हामुळे शब्द दिसतो, आज्ञा होत नाही. & आणि < यांनाही तसंच झाकावं लागतं. नाहीतर नावाच्या रकान्यात कुणी आज्ञा लिहील आणि ती वाचणाऱ्याच्या ब्राउझरमध्ये चालेल. म्हणूनच जँगोने २००८ साली १.० आवृत्तीत आणि रेल्सने २०१० साली तिसऱ्या आवृत्तीत ही राखण आपोआप चालू ठेवली.

मराठी नीट दिसत नाही, तर राखणच बंद करा, असा सल्ला काही जण देतात. मला तो मुळीच पटत नाही. कुलूप जड लागतं म्हणून कुणी दार काढून ठेवत नाही. साठवताना अक्षरं अक्षरंच ठेवा. बदल करायचा तो पान दाखवताना, आणि एकदाच. अवतरणाला पुन्हा अवतरण घातलं, की गावाचं नावसुद्धा वाचता येत नाही.