गोब्र्याचं बियाणं राखा

भातकापणी आटपली की आमच्याकडे खडपावर गरवायला गर्दी होते. गोब्रा, कोणी त्याला हेकरू म्हणतं, कपारीत दबा धरून बसतो. गरीला लागला की बिळात घुसतो, म्हणून तंगूस जाड हवा आणि लगेच ओढायचं. हे सगळ्यांना जमतं. पण परवा एकाच्या पिशवीत वीतभराचे आठ-दहा बघितले, वाईट वाटलं. हा मासा आधी मादी असतो, मोठा झाल्यावर त्यातलेच काही नर होतात. बारके उचलले तर अंडी घालायच्या आधीच माद्या गेल्या, सगळे मोठे काढले तर नर गेले. मळणीनंतर बियाण्याचं भात आपण वेगळं ठेवतोच ना? मग वीतभराचा गोब्रा हळूच गरी काढून पाण्यात सोडा. मोठा एक मिळाला की घरी चला.