आधी संधी, मग लायकी

‘ज्याच्या हातात कला आहे त्याने चित्रं काढावीत, बाकीच्यांचा तो तास गणिताला द्यावा,’ हे पालकसभेतलं नेहमीचं मत. दुसरं मत सौम्य वाटतं: चित्रकला असू द्या, एलिमेंटरी-इंटरमिजिएट दिली की दहावीला वाढीव गुण मिळतात. मला दोन्ही अमान्य आहेत, आणि दुसरं अधिक घातक वाटतं. पहिला माणूस निदान उघड विरोध करतो. दुसरा कलेला गुणपत्रिकेच्या दावणीला बांधतो.

सातारा जिल्ह्यातल्या औंधात तरी ही भाषा शोभत नाही. १९०९ ते १९४७ इथे राज्य केलेले भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते आणि कीर्तनकारही. रविवर्म्याची चित्रं, हेन्री मूरचं मातृशिल्प त्यांच्या संग्रहात आलं. १९३८ साली यमाईच्या डोंगरवाटेवर श्रीभवानी संग्रहालय उभं राहिलं, मुंबई-पुण्याला नव्हे, खटावच्या अवर्षणाच्या मुलखात. ही चित्रं कुणाला कळणार, असा हिशेब आधी मांडला असता तर ती इथे आलीच नसती. याच संस्थानात १९३९ साली आटपाडीजवळ स्वतंत्रपूरला कैद्यांची खुली वसाहत झाली. तिथेही सुधारल्याचा पुरावा आधी मागितला नाही. आधी मोकळीक दिली. मुलाच्या हाती कागद देताना आपण मात्र उलट चालतो, आधी हात कसा आहे ते तपासतो.

इथल्या वर्गात मुलांना डोंगर काढायला सांगा. दोन त्रिकोण, मध्ये उगवता सूर्य, खाली नदी, काठावर झोपडी. खिडकीतून यमाईचा, म्हणजे मूळपीठाचा डोंगर दिसत असतो. त्यावर देवळाची तटबंदी आहे, वर जाणाऱ्या पायऱ्या आहेत, आणि पाण्याने भरलेली नदी या भागात वर्षातले थोडेच दिवस दिसते. रोज डोळ्यांसमोर असलेलं सोडून मुलं ऐकीव डोंगर काढतात. त्यांना बाहेर नेऊन पुन्हा काढायला लावलं की भांडणं सुरू होतात: पायऱ्या कुठे वळतात, सावली काळी की जांभळी, बुरूज किती दिसतात. अशा भांडणात पुष्कळदा ज्याचा हात वळत नाही त्याचीच नजर खरी ठरते. ‘मला माहीत आहे’ आणि ‘मी पाहिलं’ यांतला फरक मुलाला तिथे कळतो. उद्या तो तलाठी होईल, डॉक्टर होईल, नाहीतर शेत कसेल. हा फरक कळलेला माणूस सातबारा असो की रोग्याचा चेहरा, न पाहता शेरा मारणार नाही. गणिताच्या शिक्षकांनीही म्हणूनच हा तास मागू नये.

तिसरा आक्षेप कलेच्या कैवाऱ्यांचा: मुलांना नक्कल करायला लावू नका, कल्पना मरते. व्हिएन्नात कलाशिक्षक फ्रान्झ चिझेकने १८९७ पासून मुलांना मोकळं सोडलं, ते योग्यच केलं. पण चित्रकार नंदलाल बोस लेडी हेरिंगहॅमबरोबर अजिंठ्याला भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करायला गेले होते, आणि त्यांची कल्पना मेली नाही. मूळ कलाकृतीसमोर बसून केलेली नक्कल म्हणजे सावकाश पाहणंच. वाईट आहे ती कॅलेंडरवरून, वहीवरून, शेजाऱ्याच्या पाटीवरून होणारी नक्कल. दोन्हींना एकच नाव देऊन बंदी घालणं हा आळस आहे.

म्हणून माझी मागणी साधी आहे. परिसरातल्या शाळांनी संग्रहालयाची सहल रांग लावून सगळी दालनं उरकण्यासाठी काढू नये. एका वर्गाने एका खेपेला एकच कलाकृती पाहावी, तिच्यासमोर तासभर बसावं, आणि मुलांना काय दिसलं ते शिक्षकाने काही सांगण्याआधी विचारावं.