डब्यातील साखरेचा जमाखर्च

मे २०२५ मध्ये केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने आपल्या शाळांना ‘साखर फलक’ लावण्याचे निर्देश दिले. खराडीत आयटी संकुलांभोवती या मंडळाच्या शाळा अनेक आहेत. तेथील पालकांनी हा हिशेब समजून घ्यावा.

मंडळाच्या परिपत्रकानुसार ४ ते १० वर्षांच्या मुलांच्या आहारातील १३ टक्के उष्मांक साखरेचे असतात. मर्यादा ५ टक्क्यांची. दीड हजार उष्मांकांच्या आहारात ही मर्यादा जेमतेम पाच चमच्यांची होते. शीतपेयाच्या ३०० मिलिलिटरच्या एका बाटलीत आठ चमचे साखर असू शकते.

पाकिटावर ‘जैन’ असे छापलेले दिसले की घर निश्चिंत होते. त्या शब्दाने कांदा, लसूण, बटाटा टळतो. साखर, मीठ आणि तेल टळत नाही.

२०२० च्या अन्नसुरक्षा विनियमांनुसार शाळेच्या प्रवेशद्वारापासून ५० मीटरच्या आत असे पदार्थ विकता येत नाहीत. जवळच दुकान असणाऱ्याच्या गल्ल्याला याची झळ बसते, हे खरे. परंतु बरणीसमोर उभे असलेले मूल कोणाच्या तरी घरचे असते, कधी दुकानदाराच्याच.

भुकेपेक्षा दोन घास कमी घेणे, हे उणोदरी तप आपल्या घरांना परके नाही. शाळेतील फलक मूल वाचेलच. घरी वडील पाकिटाची मागची बाजू वाचताना त्याला दिसले, तर तो धडा पक्का होईल.